कॅनडातल्या बंद झालेल्या मतदारसंघाचा इतिहास कसा शोधायचा

बहुतेक जण आधी निकालांच्या मागे लागतात. माझं ऐका, मतदारसंघ तयार कधी झाला नि संपला कशामुळे ते आधी काढा, निकाल नंतर बघू.

उदाहरण घेऊ ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेच्या सरे-पॅनोरमा रिज मतदारसंघाचं, सरे शहरातला. २००१ ते २००९, एवढंच आयुष्य. कारण तिथला कायदाच सांगतो की दर दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मतदारसंघांच्या सीमा ठरवणारा आयोग नेमायचा. २००१ आणि २००५ अशा दोन निवडणुका झाल्या, न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांच्या आयोगाने नवा नकाशा आखला, जागा ७९ च्या ८५ झाल्या, नि हा मतदारसंघ गेला. म्हणून पहिलं काम, आयोगाचे अहवाल, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघा.

मग निकाल. इलेक्शन्स बीसी, म्हणजे प्रांताच्या निवडणुका घेणारी संस्था, तिच्याकडे मतांचे अधिकृत तक्ते आहेत, पण फक्त सार्वत्रिक निवडणुकांचे बघून थांबू नका, पोटनिवडणुकाही बघा, खरी गोष्ट तिथेच असते. २००१ ला इथे लिबरल पक्षाचे गुलझार चीमा निवडून आले, मूळचे भारतातले आणि आधी मॅनिटोबातही आमदार होते. २००४ मध्ये केंद्राची निवडणूक लढवायला त्यांनी राजीनामा दिला, तिकडे हरले, आणि २८ ऑक्टोबर २००४ च्या पोटनिवडणुकीत एनडीपी म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे जगरूप ब्रार जिंकले, बठिंडा जिल्ह्यातले, भारताकडून बास्केटबॉल खेळलेले. समोर लिबरलच्या मेरी पोलक होत्या, शिवाय ग्रीन पक्षाच्या नेत्या एड्रियन कार स्वतः उभ्या होत्या. २००१ ला एनडीपीचे ७९ पैकी फक्त २ आमदार उरले होते हे लक्षात घेतलं की एका जागेचं वजन कळतं. हे सार्वत्रिकच्या तक्त्यांत सापडणारच नाही, २००१ ला चीमा नि २००५ ला ब्रार एवढंच दिसेल आणि मधलं सगळं निसटेल.

आता नावाचा घोळ. २००९ ला सरे-पॅनोरमा नावाचा वेगळा मतदारसंघ आला, तिथे लिबरलच्या स्टेफनी कॅड्यू जिंकल्या, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला वाटतं ब्रार हरले, पण ते सरे-फ्लीटवूडमधून उभे राहून जिंकले होते. नाव पूर्ण टाइप करूनच शोधा, आणि केंद्राचे मतदारसंघ वेगळे असतात, ते यात मिसळू नका.

शेवटी प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया, तिथल्या विधानसभेची भाषणं, तिथे हॅन्सार्ड म्हणतात, ऑनलाइन आहेत. आमदाराचं नाव आणि तारखा टाकून शोधा, सरेमधल्या लोकांचे प्रश्न कोण कसे मांडत होतं ते त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतं.