डिस्टोपियन कादंबरीत नायकाचा प्रवास कसा बसवावा

जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये जगभरच्या पुराणकथांमधून नायकाच्या प्रवासाचे १७ टप्पे मांडले. पुढे क्रिस्टोफर व्होग्लर यांनी पटकथालेखकांसाठी ते १२ वर आणले. दोन्ही आराखड्यांत नायक ओळखीचं जग सोडतो, अनोळखी जगात शिरतो आणि काहीतरी मिळवून परततो. डिस्टोपियात, म्हणजे दडपशाहीच्या काल्पनिक जगाच्या कथेत, घोडं अडतं ते इथेच, कारण तिथे जायला दुसरं जगच नसतं. टप्पे जसेच्या तसे भरत गेलात तर कादंबरी साहसकथा होते आणि राजवट नुसती मागचा पडदा उरते. म्हणून आधी जगाचा एक नियम पक्का करा आणि प्रवासाचा प्रत्येक टप्पा त्याच नियमातून काढा.

विज्ञानकथेचे अभ्यासक दार्को सुविन यांनी अशा नियमासाठी ‘नोव्हम’ हा शब्द वापरला. वास्तवात नसलेली, तरी तर्काला पटणारी अशी एक नवी गोष्ट, जिच्यामुळे कथेतलं जग आपल्या जगाहून वेगळं ठरतं. ती एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: माणूस मेला की त्याचा आवाज राज्याच्या मालकीचा होतो, आणि प्रत्येक घराला सरकारी हुकूम त्या घरातल्या मृताच्या आवाजात भिंतीतून ऐकवले जातात.

मग या वाक्याचे किमान १५ परिणाम लिहून काढा: पाच सरकारी, पाच घरगुती, पाच पळवाटांचे. सातव्या वर्षी प्रत्येक मुलाचा आवाज नोंदवला जातो. सुतक पाळायला बंदी आहे, कारण आवाज ‘हयात’ आहे. नमुना नीट मिळू नये म्हणून काही घरं आयुष्यभर कुजबुजत बोलतात. मुकी माणसं नोंदीबाहेर राहतात. पळवाटा सुचेपर्यंत जागचं उठू नका. कादंबरीचा उत्तरार्ध त्यांच्यावरच उभा राहतो. आणखी एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर हवं: हा नियम लोकांना कधीकाळी हवासा का वाटला? गेलेल्या आईचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा, ही मागणी लोकांचीच होती. काहीच न देणारी राजवट वाचकाला पटत नाही, कारण मग लोक तिला इतकी वर्षं सहन का करतात हे कळत नाही.

आता पारख करा. नियम काढून टाकला तरी कथानक चालत असेल, तर तो नियम म्हणजे वरून दिलेला रंग आहे. अर्ध्यावर दुसरा शोध घुसडण्याचा मोहही टाळा. स्मृती पुसणारी गोळी बाराव्या प्रकरणात उगवली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. पहिल्या नियमातून निघणारं तंत्रज्ञान मात्र कितीही आणा.

नवे शब्द पहिल्या प्रकरणात तीनच ठेवा, आणि प्रत्येक शब्द अशा कृतीत आणा की अर्थ आपोआप कळेल. ‘तुला ठाऊकच आहे, तीस वर्षांपूर्वी…’ अशी सुरुवात होणारा संवाद सरळ खोडा. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. मराठीत एक मोठी सोय आहे, ती वापरा: सरकारी शब्द संस्कृतप्रचुर, लोकांचा शब्द घरगुती. कागदावर ‘वारसास्वर’ आणि गल्लीत ‘भिंतीतली’. कोण कुठला शब्द उच्चारतो त्यावरून त्याची बाजू कळते, वेगळं वर्णन लागत नाही.

नायिका यंत्रणेच्या आतली घ्या. आवाजातले बिघाड दुरुस्त करणारी कारागीर असेल तर तिला प्रवेशही आहे आणि अपराधात वाटाही. जन्मतःच ‘निवडलेली’ नायिका इथे कथा बिघडवते, कारण डिस्टोपियाचा प्रश्नच साध्या माणसाला निवड उरते का, हा असतो. तिला येणारी हाक, म्हणजे प्रवासाला निघायला लावणारी घटना, लहान ठेवा. एका संध्याकाळी भिंतीतून आईचा आवाज ‘कृपया’ म्हणतो, आणि आईने हा शब्द जन्मात वापरलेला नसतो.

साहसकथेत हाकेला दिलेला नकार एका प्रसंगात संपतो. इथे त्याला दोन पूर्ण प्रकरणं द्या, कारण असा नकार माणसांत मुरवणं हेच राजवटीचं मुख्य काम. नायिका बिघाड दुरुस्त करते, नोंद पुसते, झोपायला जाते. त्या पुसलेल्या नोंदीपायी शेजारच्या टेबलावरचा सहकारी उचलला जातो. नकाराची किंमत दुसऱ्याने मोजली की पुढच्या प्रत्येक पावलाला वजन येतं. बहुतेक कच्च्या मसुद्यांत नेमका हाच भाग घाईत उरकलेला असतो.

गुरू म्हणून नोंदीबाहेरचा मुका म्हातारा घ्या. त्याने सगळा इतिहास समजावून सांगितला तर प्रकरण मेलंच. त्याला एक कसब द्या, हातांची भाषा, आणि एक चुकीची समजूत द्या, जी पुढे नायिकेला महागात पडेल.

अनोळखी जगात शिरण्याचा उंबरठा इथे नकाशावर नसतो. नियमानुसार परत फिरवता न येणारी कृती म्हणजेच उंबरठा: ती स्वतःचा नमुना नोंदीतून काढून टाकते. ६०,००० शब्दांची, २० प्रकरणांची कादंबरी धरली तर हाक दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, नकार तिसऱ्या-चौथ्यात, उंबरठा पाचव्यात. सोबती, शत्रू आणि लहान परीक्षा सहा ते नऊमध्ये उरकतात. त्यांत नवं काही शोधत बसू नका, पळवाटांची यादी वापरा. दहाव्यात प्रश्नच बदलायला हवा. आईचं काय झालं हे शोधणाऱ्या नायिकेला परक्या घराच्या भिंतीतून स्वतःचा आवाज हुकूम सोडताना ऐकू येतो. म्हणजे जिवंत माणसांचे आवाजही वापरात आहेत, आणि नमुना काढायला तिला उशीर झाला.

पंधराव्यातली अग्निपरीक्षा फसते ती अधिकाऱ्याच्या लांबलचक भाषणामुळे. त्याला धमकी देऊ देऊ नका, भेट देऊ द्या: आईचं शेवटचं, अस्सल ध्वनिमुद्रण. ते घेतलं तर ती परत यंत्रणेत. सोडलं तर ज्यासाठी निघाली तेच गेलं. निवड पानभरात व्हावी.

परतणं सर्वांत अवघड. तीन प्रकरणांत एकट्या माणसाने राजवट उलथवली तर आधीच्या सतरा प्रकरणांतली भीती खोटी ठरते. १९४९ मध्येच आलेल्या ऑर्वेल यांच्या ‘१९८४’मध्ये नायक पुरता मोडतो, पण नवभाषेवरचं, म्हणजे राजवटीने घडवलेल्या भाषेवरचं, परिशिष्ट भूतकाळात लिहिलेलं आहे, त्यामुळे ती राजवट पुढे संपली असावी असा अर्थ अनेक वाचक काढतात. पात्राची हार आणि वाचकाला मिळालेली माहिती अशी वेगळी ठेवता येते. नायिकेने परत आणलेली गोष्ट नियमाच्या मापाची असू द्या. आपल्या उदाहरणात एका गल्लीतल्या भिंती एक रात्र गप्प होतात आणि लोक पहिल्यांदा आपल्या मेलेल्यांसाठी मोठ्याने रडतात. सकाळी भिंती पुन्हा बोलू लागल्या तरी चालेल.

मसुदा झाल्यावर प्रत्येक प्रकरणासमोर तीन रकाने आखा: नियम कुठे टोचला, कुणी काय निवडलं, किंमत कुणी मोजली. तिसरा रकाना सलग तीन प्रकरणं रिकामा दिसला तर ती तिन्ही एकात आणा. पहिला रिकामा असेल तर तो प्रसंग कुठल्याही काळात घडू शकतो. तो नियमाला जोडून पुन्हा लिहा किंवा काढून टाका.