निवडलेल्या जेपीजींवरून रॉ फाइल्स वेगळ्या काढणारी पायथन स्क्रिप्ट

लग्नाच्या शूटमध्ये कॅमेरा बहुतेक वेळा प्रत्येक क्लिकच्या दोन फाइल्स लिहितो: एक जेपीजी, एक रॉ (सेन्सरचा प्रक्रिया न केलेला मूळ डेटा). घरच्यांनी जेपीजी पाहून फोटो निवडले, की तेवढ्याच रॉ फाइल्स एडिटिंगसाठी बाजूला काढायच्या. शेकडो फाइल्समध्ये हाताने शोधत बसलात तर एखादी सुटतेच. पायथनला हे काम वीसेक ओळींत जमतं. लागणारी पाथलिब (फाइलचे पत्ते हाताळणारं) आणि शटिल (फाइल्स हलवणारं) ही मोड्यूल्स पायथनसोबतच येतात. फक्त आवृत्ती ३.९ किंवा पुढची घ्या. त्याआधी शटिलच्या मूव्ह या फाइल हलवणाऱ्या फंक्शनला पाथ ऑब्जेक्ट (पाथलिबने बनवलेला फाइलचा पत्ता) दिला की काही वेळा एरर यायचा.

‘निवड’, ‘रॉ’ आणि ‘एडिट’ असे तीन फोल्डर धरू. ‘निवड’मधल्या प्रत्येक फाइलचं स्टेम, म्हणजे एक्स्टेन्शन वगळून उरलेलं नाव, लोअरकेस करून एका सेटमध्ये (पायथनमधला, प्रत्येक नाव एकदाच ठेवणारा संग्रह) भरा. मग ‘रॉ’मधल्या फाइल्सची आधी पूर्ण लिस्ट करून घ्या, फोल्डर वाचता वाचता त्यातूनच फाइल्स हलवणं बरं नाही. ज्यांचं एक्स्टेन्शन सीआर३, एनईएफ किंवा एआरडब्ल्यू (अनुक्रमे कॅनन, निकॉन, सोनीच्या रॉ फाइल्स) आहे (तेही लोअरकेस करूनच तपासा) आणि स्टेम सेटमध्ये आहे, त्या हलवायच्या.

पहिल्या वेळी काहीही हलवू नका, नुसती यादी प्रिंट करा. ज्या जेपीजीची रॉ सापडली नाही, तिचंही नाव छापा. ‘(१)’ जोडलेल्या डाउनलोड कॉपी इथेच उघड्या पडतात.

सगळ्यात मोठा धोका ‘एडिट’ फोल्डर नसण्याचा. मग मूव्ह पहिल्या फाइललाच ‘एडिट’ असं नाव देतं, दुसरी तिच्यावर लिहिली जाते, तिसरी दुसरीवर. शेवटी एकच फाइल उरते आणि एररही येत नाही. म्हणून लूपच्या आधी फोल्डर तयार करणारं पाथलिबचं एमकेडिर चालवा, पॅरेंट्स आणि एक्झिस्ट-ओके दोन्ही ट्रू ठेवून. फोल्डर आहे, पण त्यात त्याच नावाची फाइल असेल, तर मूव्ह एरर देऊन स्क्रिप्ट मध्येच थांबवतं. नावासकट पूर्ण पाथ दिलात तर मात्र जुनी फाइल गुपचूप पुसली जाते. पूर्ण पाथ द्या, पण तिथे फाइल आहे का ते आधी पाथलिबच्या एक्झिस्ट्सने तपासा आणि फाइल असेल तर ती सोडून पुढे जा.

दोन कॅमेरे असतील तर प्रत्येकाचे फोल्डर वेगळे ठेवा आणि स्क्रिप्टही वेगवेगळी चालवा. फाइलच्या नावातले नंबर ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीपासून येतात, त्यामुळे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो सहज निघतात. रॉवर केलेल्या एडिटिंगची नोंद ठेवणाऱ्या एक्सएमपी फाइल्सही सोबत न्या, नाहीतर केलेलं एडिटिंग मागे राहतं. लाइटरूम आणि डार्कटेबल या एडिटिंग सॉफ्टवेअरपैकी लाइटरूम एक्सएमपीच्या नावात रॉचं एक्स्टेन्शन ठेवत नाही, डार्कटेबल ठेवतं. डार्कटेबलसाठी स्टेम दोनदा काढावं लागतं.

‘एडिट’ दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर मूव्ह आधी कॉपी करतं, मग मूळ फाइल काढतं. मध्येच केबल निघाली तर मूळ फाइल शाबूत राहते, पण तिकडे अर्धवट कॉपी पडून राहू शकते, आणि पुन्हा चालवल्यावर वरची तपासणी तिलाच पूर्ण समजून पुढे जाते. अशा वेळी दोन्हींचा साइझ ताडून पाहा. जुळला नाही तर अर्धवट कॉपी काढून ती फाइल पुन्हा हलवा.