घरगुती पाळणाघर: पहिली तीन मुलं कशी मिळतात

पाटी लावली, आसपासच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि दोन आठवडे फोनच आला नाही, असं नव्या पाळणाघराच्या बाबतीत सर्रास होतं. मग जाहिरात वाढवली जाते, फी कमी केली जाते आणि तरीही फरक पडत नाही. आई-बाबांना सोपवायचं असतं ते धड बोलताही न येणारं मूल. दिवसभरात काय झालं हे ते संध्याकाळी सांगू शकत नाही. अशा वेळी पाटी पाहून कुणी येत नाही. विश्वासातल्या माणसाने ‘तिथे एकदा बघून ये’ म्हटलं की येतात. म्हणून सुरुवातीची मेहनत दोन गोष्टींवर घ्यायची: असं म्हणणारी माणसं तयार करणं, आणि बघायला आलेल्या आई-बाबांची ती पाऊण तासाची भेट.

त्याआधी नियम. तुमच्या भागात घरगुती पाळणाघराला नोंदणी किंवा परवाना लागतो का, किती मुलांपर्यंत लागत नाही, घर भाड्याचं असेल तर घरमालकाची संमती हवी का, हे स्थानिक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. बघायला आलेले पालक हे विचारतातच, आणि तिथे चाचपडलात तर पुढचं काही त्यांच्या कानात शिरत नाही.

मुलं किती, कोणत्या वयाची

‘सध्या येतील तेवढी घेऊ’ हे उत्तर ऐकून पालक मागे फिरतात. आकडा पक्का हवा. नियमांत मर्यादा दिली असेल तर ती शेवटची. तिच्या आत राहून स्वतःची मर्यादा अशी काढा: घरात धूर झाला, तुम्ही एकट्याच आहात, तर एका फेरीत किती मुलं बाहेर काढू शकाल? न चालणारी बाळं दोनच, कारण हात दोन. त्यांच्याबरोबर सांगितलेलं ऐकून चालणारी दोन-तीन मोठी मुलं. म्हणजे एकट्या माणसाला एकूण चार-पाच. हा हिशोब पालकांना जसाच्या तसा सांगा. तुम्ही संकटाचा विचार आधीच केला आहे, हे त्यातून त्यांना समजतं.

पहिली तीनही मुलं वर्षाच्या आतली घेऊ नका. चौकशी याच वयाची जास्त येते, म्हणून मोह होतो. पण तिघांच्या झोपेच्या आणि दुधाच्या वेळा वेगवेगळ्या असतात, एक रडलं की दुसरं उठतं, आणि चौथ्या मुलाचे आई-बाबा नेमके त्या गोंधळात बघायला येतात. एक बाळ, एक दोन वर्षांचं आणि एक शाळेतून येणारं, ही जुळणी सुरुवातीला पेलते.

फी ठरवताना जवळच्या तीन पाळणाघरांचे दर विचारा, स्वतःचा खर्च मांडा आणि एकच आकडा कागदावर लिहा. पहिल्या मुलासाठी फी अर्धी करू नका. ती नंतर वाढवता येत नाही, आणि दुसऱ्या पालकांना कळतेच. सवलत द्यायचीच असेल तर रुळण्याच्या पहिल्या आठवड्याची फी घेऊ नका. त्याला मुदत असते आणि कारणही असतं.

शब्द कुणाकडून जातो

बाळंतपणाची रजा संपायच्या दोन-तीन महिने आधी शोध सुरू होतो. त्या काळात त्या आईला कोण कोण भेटतं ते पाहा: बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातली स्वागतिका, लस देणारी नर्स, इमारतीतल्या दुसऱ्या बाळाची आई. मोठ्या मुलांसाठी बालवाडीच्या शिक्षिका, कारण वर्ग दुपारी सुटतो आणि आई-बाबा संध्याकाळी येतात, ही अडचण त्यांना रोज दिसते. यांतल्या प्रत्येकीला स्वतः जाऊन भेटा, त्यांच्या गर्दीची वेळ टाळून. कागद ठेवून येणं पुरत नाही. पाच मिनिटं बोलून, ‘तुम्ही स्वतः एकदा येऊन घर बघा’ असं सांगा. न पाहिलेल्या घराची शिफारस कुणी जबाबदार माणूस करत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जवळच्या जुन्या पाळणाघराकडे. त्यांना स्पर्धक मानून टाळू नका. जागा भरल्यामुळे, किंवा अगदी लहान बाळं घेत नसल्यामुळे, त्यांना काही पालकांना परत पाठवावं लागतं. त्यांना हे नेमकं सांगा: ‘माझ्याकडे दोन वर्षांखालच्या दोन जागा आहेत, साडेसहापर्यंत मी घेते. तुमच्याकडे जागा नसेल तर माझा नंबर द्याल का?’ आणि तुमच्या वेळेत न बसणारी चौकशी तुम्हीही त्यांच्याकडे पाठवा. आपणहून आधी एक पाठवलीत तर उत्तम.

ग्रुपवरचा मेसेज छोटा आणि नेमका असू दे:

‘घरगुती पाळणाघर सुरू होत आहे. वय ८ महिने ते ५ वर्षे. एकूण ५ मुलं, त्यांपैकी दोन वर्षांखालची फक्त २. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८.३० ते संध्याकाळी ६.३०. तळमजला, बंदिस्त अंगण. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं आहे. शनिवारी ११ ते १ या वेळेत, आधी फोन करून, घर बघायला या.’

‘प्रेमळ वातावरण’, ‘घरच्यासारखी काळजी’ हे शब्द गाळा. ते सगळेच लिहितात. प्रशिक्षणाचा उल्लेख मात्र ते खरंच घेतलं असेल तरच करा, आणि घेतलं नसेल तर आधी घ्या. बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, हे हाताने करून शिकावं लागतं. मेसेज महिन्यातून एकदा पुरे. रोज टाकलात तर जागा भरत नाहीत एवढंच दिसतं.

फोन आणि वही

फोनवर मुलाचं वय, कधीपासून, किती वाजता सोडणार आणि नेणार, हे तीन प्रश्न विचारा. फी विचारली तर लगेच सांगा. ‘भेटल्यावर बोलू’ म्हटलं की संशय येतो. मग भेटीचा दिवस आणि वेळ ठरवूनच फोन ठेवा. सगळं एका वहीत: तारीख, मुलाचं नाव, वय, नंबर कुणी दिला, पुढे काय झालं. दहा चौकश्यांनंतर वही चाळलीत तर गळती कुठे आहे ते दिसतं. फोनच येत नसतील तर शब्द पोहोचलेला नाही. फोन येतात पण बघायला कुणी येत नाही, तर वेळ किंवा अंतर जुळत नाही. बघून जातात आणि परत येत नाहीत, तर घरात किंवा बोलण्यात काहीतरी खटकतं आहे.

बघायला येतात तेव्हा

भेटीच्या आदल्या दिवशी गुडघ्यांवर रांगत सगळं घर फिरा. उभ्याने न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: पलंगाखालचं नाणं, टेबलाचा धारदार कोपरा, लोंबणारी चार्जरची वायर, पडद्याची दोरी. ही दोरी गळ्याभोवती अडकू शकते, म्हणून ती वर बांधा. टॉयलेट पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी हाताशी ठेवा; तिच्यातून आरपार जाणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. बाथरूममधली बादली रिकामी आणि पालथी, कारण रांगतं मूल थोड्याशा पाण्यातही डोकं खाली जाऊन बुडू शकतं. औषधं आणि साफसफाईचे द्राव कुलुपात. बाळाची झोपायची जागा सपाट, टणक गादीची. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण नको, आणि झोपवायचं पाठीवर. पाळण्यात रंगीत उशा रचून ठेवलेलं नवं पाळणाघर पुष्कळदा दिसतं. दिसायला ते छान असतं, पण बाळाचा श्वास त्याने कोंडू शकतो, आणि वाचन केलेल्या आईला तेच पहिल्यांदा खटकतं.

पालक आल्यावर लगेच घर दाखवायला उठू नका. आधी खाली जमिनीवर बसा आणि मुलाला तुमच्याकडे येऊ द्या. स्वतःहून उचलून घेऊ नका, विशेषतः आठ महिने ते दीड वर्षाच्या मुलाला. त्या वयात अनोळखी माणसाची भीती जोरावर असते, मूल किंचाळतं आणि भेट तिथेच बिघडते. एक डबा आणि त्यात टाकायचे मोठे ठोकळे समोर ठेवा, तुम्ही एक टाका, थांबा. मूल सरकत आलं की आई-बाबांचे खांदे सैल होतात. बोलायला तेव्हा सुरुवात करा.

‘याला झोप कशी लागते? रडलं की कशाने शांत होतं?’ असं विचारा आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या. मग घर दाखवा, स्वयंपाकघर आणि बाथरूमसकट. घरात आणखी कोण राहतं, दिवसभरात कोण येतं-जातं, तुम्ही आजारी पडलात तर मुलांकडे कोण बघेल, हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा. हे प्रश्न मनात असतात, पण विचारायला संकोच वाटतो. घरातल्या मोठ्या माणसांची त्यांच्याशी ओळख करून द्या. त्या वेळात तुमचा मोबाइल दुसऱ्या खोलीत असू दे.

निघताना एका पानाचा करार हातात द्या: वेळा, फीची तारीख, उशीर झाला तर काय, सुट्ट्या, मुलाला कोण कोण नेऊ शकतं, आणि आजारपण. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल तर मूल घरी राहील, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हा परत येईल, असं स्पष्ट लिहा. ‘लगेच ठरवा’ म्हणू नका. दोन दिवसांनी एक फोन करा, एवढंच.

पहिला आठवडा

होकार आला की मूल थेट पूर्ण दिवस ठेवू नका. पहिल्या दिवशी आई किंवा बाबांसोबत एक तास, दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास बाहेर, तिसऱ्या दिवशी दोन तास, चौथ्या दिवशी झोपेसह अर्धा दिवस, मग पूर्ण. रडणं वाढलं तर एक पायरी मागे या. निरोप घेताना आई-बाबांना मुलाला सांगून जायला लावा. मूल खेळात असताना ते गुपचूप सटकले तर पुढचे कित्येक दिवस मूल दाराकडे बघत बसतं. दुपारी एक निरोप पाठवा: ‘१२.४० ला झोपली, सव्वा तास. उठून ठोकळे खेळतेय.’ वेळेसकट लिहिलेलं हे वाक्य आई ऑफिसात शेजारणीला दाखवते. मुलाचा फोटो मात्र पालकांच्या लेखी परवानगीशिवाय तुमच्या सोशल मीडियाच्या पानावर कधीच टाकू नका.

महिना-दीड महिना झाला, मूल सकाळी हसत आत शिरू लागलं, की मोकळेपणाने विचारा: ‘माझ्याकडे आणखी दोन जागा आहेत. कुणी शोधत असेल तर तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोलाल का?’ फोनवर बोलायला तयार असलेले एक पालक लिखित शिफारशीपेक्षा कितीतरी उपयोगी असतात. पण दर वेळी त्यांना आधी विचारूनच त्यांचा नंबर द्या.

रात्री नऊपर्यंत ठेवता का, रविवारी घेता का, आजारी असला तरी चालेल का, असं विचारणारे सुरुवातीला जास्त येतात, कारण बाकी ठिकाणी त्यांना नकार मिळालेला असतो. जागा रिकामी असल्यामुळे हो म्हणावंसं वाटतं. एका तापलेल्या मुलामुळे उरलेली दोन आजारी पडली, तर ज्यांच्या शब्दावर पुढची मुलं येणार होती ते पालक जातात. अशांना नम्रपणे नाही म्हणा, वहीत नंबर ठेवा, आणि त्यांच्या वेळेचं दुसरं कुणी माहीत असेल तर तो नंबर द्या.