चिंतेचं गाऱ्हाणं कसं घालावं

वेंगुर्ल्यात माझं झेरॉक्स काढायचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्यामुळे मोठ्या माणसांना वाटणारी भीती मी रोज जवळून बघते. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा दोर ओढून हाताला घट्टे पडलेला माणूस ओटीपी म्हटलं की घामाघूम होतो. शेकडो प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेल्या बाईंचा हात बँकेच्या फॉर्ममधल्या चौकोनात मात्र थरथरतो. अशा वेळी आमच्याकडे आम्ही गाऱ्हाणं घालतो. ते कसं घालायचं, ते सांगते.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मांडलेली तक्रार आणि मागणी. चतुर्थीला, शिमग्याला, जत्रेला घरातला किंवा गावातला जाणता माणूस बोलतो आणि दर वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. देवाचं गाऱ्हाणं श्रद्धेने घालायचं असतं, त्याची थट्टा आम्ही करत नाही. आम्ही उचलतो तो त्याचा घाट.

पहिलं काम म्हणजे बारीकसारीक तपशील गोळा करणं. ‘मला टेन्शन आलंय’ यावर कुणालाच हसू येत नाही. काय अडलंय, कुठल्या कागदावर, कुणामुळे, किती वाजता, हे सगळं आलं पाहिजे. दुकानात एकाचं काम अडलं तेव्हा त्याच्या परवानगीने आम्ही घातलेलं हे गाऱ्हाणं:

‘बा देवा म्हाराजा!’ – व्हय म्हाराजा!
‘ह्या तुझ्या लेकराचा नाव आधार कार्डार येगळा, सातबाऱ्यार येगळा आणि लग्नाच्या पत्रिकेर तिसराच आसा!’ – व्हय म्हाराजा!
‘ओटीपी जाता तो फोन मुंबयत भावाकडे, आणि भाव जेवान निजलो!’ – व्हय म्हाराजा!
‘त्या भावाक जागो कर, सर्वराक सुबुद्धी दी, आणि कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती सर्वराच्याच वायरीत गुंडाळून टाक!’ – व्हय म्हाराजा!

शेवटच्या ओळीत नेमकी मागणी हवीच. ती ठरवताना पुढे काय करायचं तेही आपोआप ठरतं. भावाला उठवायचं होतं, त्या माणसाने दुकानातूनच हसत हसत फोन लावला.

‘व्हय म्हाराजा’ म्हणायला निदान दोन माणसं लागतात, आणि ती आपल्या बाजूची असावीत. माझ्या मते हसण्यापेक्षा मोठी गोष्ट हीच आहे: एवढ्याशा अडचणीला चारचौघांनी एका सुरात होकार दिला की माणूस एकटा उरत नाही.

काही भीतींना तपशीलच नसतो. ‘लोक काय म्हणतील’ ही त्यातली सगळ्यात हट्टी. तिच्यासाठी आमच्याकडच्या दशावतारी नाटकाकडे बघा. तिथे संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरते आणि नट उभ्या उभ्या बोलतो. काळ्या वेषातला संकासुर हा वेद चोरणारा राक्षस. तरी तो आला की मालवणीत अशा काही गजाली, म्हणजे गप्पा करतो की घाबरलेली पोरं आईच्या पदराआडून हसतात. आपल्या भीतीलाही हेच सोंग द्यायचं. लग्नाला जाण्याआधी आरशासमोर उभं राहा आणि तिच्या आवाजात गरजा: ‘माका वळाखलंस? ह्या मांडवातली सगळी माणसा वडे-सागोती सोडून तुझ्या चपलेकडेच बघतली!’ वडे-सागोती सोडून? मोठ्याने बोलल्यावर ते पटतच नाही. मनातल्या मनात पुटपुटून हे होत नाही, आवाज निघालाच पाहिजे.

आता काही पथ्यं. चिंता ज्याची, गाऱ्हाणं त्यानेच सुरू करावं किंवा त्याला विचारून घालावं. चतुर्थीला घरी आलेल्या पुतणीच्या लग्नावरून काकीने गाऱ्हाणं सुरू केलं तर तो छळ होतो, मग कितीही जण हसोत. पुतणीने स्वतः ‘बा देवा म्हाराजा, दर आरतीक एक स्थळ येता!’ म्हटलं, तर साऱ्या घराने दणदणीत साथ द्यावी.

आजारपण, कर्ज, घरातला मृत्यू यांवर हा उपाय लावू नका. तिथे माणसाजवळ बसावं आणि ऐकावं. झोप उडाली असेल, मन सतत खाली जात असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

हसून झालं की लगेच काम उरका. फोन लावायचा असेल तर त्याच मिनिटाला लावा. तासाभराने भीती पुन्हा जमा होते. आणि मुंबई-पुण्यात खोलीवर एकटे असाल, साथीला कोणी नसेल, तर गाऱ्हाणं रेकॉर्ड करून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. दोन वाक्यांच्या मध्ये जरा थांबा, म्हणजे गावाकडे ऐकणाऱ्यांना ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला सवड मिळेल.