विहिरीवरचा नोडएमसीयू क्लाउडला जोडताना

दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांमध्ये मी विहिरीची पाणीपातळी सांगणारी आणि फोनवरून मोटर चालू-बंद करणारी यंत्रं बसवते. ईएसपी8266 चिपचा नोडएमसीयू बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर), रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच), सिमवाला राउटर आणि पलीकडे एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं, आयओटी कोअर (अशा यंत्रांशी बोलणारी सेवा). सामान एवढंच. पण जोडणी अडली की सिरियल मॉनिटरवर (लॅपटॉपवर बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी) ‘उणे 2, उणे 2’ येत राहतं आणि वैतागलेला माणूस सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची, तपासणीच बंद करून मोकळा होतो. तसं करू नका, कारण पुढे सांगते.

आधी तयारी. रीजन मुंबईचा निवडा, म्हणजे एपी-साउथ-1. एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये ‘थिंग’ (बोर्डाची नोंद) तयार करून बोर्डाचं सर्टिफिकेट काढा. प्रायव्हेट कीची (गुप्त किल्लीची) फाइल त्याच वेळी उतरवून ठेवा, ती नंतर परत मिळत नाही. सोबत ‘ॲमेझॉन रूट सीए 1’ घ्या, सर्व्हरचं सर्टिफिकेट ज्यावरून तपासायचं ते हे मूळ सर्टिफिकेट. सर्टिफिकेट ‘ॲक्टिव्ह’ आहे ना, त्याला पॉलिसी (परवानग्यांची यादी) जोडली आहे ना, ते बघा. एंडपॉइंट (सर्व्हरचा पत्ता) ‘एटीएस’ असलेलाच वापरा, पोर्ट 8883. आणि दर बोर्डाला वेगळं सर्टिफिकेट द्या. विहिरीवरून केबल चोरीला जाते तिथे बोर्ड काय टिकणार? गेला तर तेवढंच एक सर्टिफिकेट रद्द करता येतं, बाकीच्या बागा चालू राहतात.

आता ते उणे 2. पबसबक्लायंट लायब्ररीच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की सर्व्हरपर्यंतची जोडणीच झाली नाही. एमक्यूटीटीचं (बोर्ड आणि क्लाउड ज्या भाषेत संदेश देतात तिचं) बोलणं अजून सुरूच झालेलं नाही, त्यामुळे टॉपिक (संदेशांची नावं) आणि पॉलिसी उकरत बसू नका. राउटर 2.4 गिगाहर्ट्झवर आहे का ते बघा, हा बोर्ड 5 वर चालत नाही. मग कोडमध्ये ‘गेटलास्टएसएसएलएरर’ छापून घ्या. 62 आला तर रूट सर्टिफिकेट चुकीचं आहे. 56 आला तर एंडपॉइंटचं नाव आणि सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही. शेतात सगळ्यात जास्त भेटतो तो 54: सर्टिफिकेटची मुदत संपली किंवा अजून सुरू झाली नाही.

मुदत संपलेली नसतेच. बोर्डाला घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळे वीज आली की तो 1 जानेवारी 1970 पासून मोजायला लागतो. ॲमेझॉनच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याच्या कितीतरी वर्षांनंतरचं. बोर्डाच्या मते ते अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो ते नाकारतो. घरी टेबलावर हे लक्षात येत नाही, कारण तिथे नेट आधीपासून चालू असतं. बागेत वीज आली की बोर्ड क्षणात उठतो आणि राउटर रेंज शोधत बसतो, त्यामुळे बोर्डाला खरी वेळ मिळालेली नसते.

उपाय असा: वायफाय जोडल्यावर ‘कॉन्फिगटाइम’ने एनटीपीकडून (इंटरनेटवरच्या घड्याळाकडून) वेळ मागा आणि ‘टाइम’चं उत्तर 1600000000 च्या पुढे जाईपर्यंत क्लाउडकडे जाऊच नका. हा आकडा सप्टेंबर 2020 चा आहे, त्याच्या पुढे गेलं म्हणजे वेळ खरी आली. ऑफसेट शून्य ठेवा. सर्टिफिकेटच्या तारखा यूटीसीत (जागतिक वेळेत) असतात, आपले साडेपाच तास स्क्रीनवर दाखवताना मिळवायचे.

कोडमध्ये ‘सेटइन्सिक्युअर’ लिहून तपासणी बंद केली की 54 जातो, हे खरं. पण मग बोर्ड समोर कोण आहे ते विचारतच नाही. मध्येच कुणी खोटा सर्व्हर उभा केला तर त्याचाही हुकूम ऐकेल, आणि इथे हुकूम म्हणजे मोटर. कोरड्या विहिरीत रात्रभर मोटर फिरली तर रिवाइंडिंगचं बिल शेतकऱ्याच्या हातात.

जोडणी होऊन लगेच तुटत असेल तर मात्र पॉलिसी उघडा. पब्लिश आणि रिसीव्हसाठी एआरएनमध्ये (पॉलिसीत लिहायचा पूर्ण पत्ता) ‘टॉपिक’ लागतं, सबस्क्राइबसाठी ‘टॉपिकफिल्टर’. हमखास गोंधळ होतो तो इथे. परवानगी नसलेल्या टॉपिकवर पाठवलं की क्लाउड जोडणीच तोडतो. सगळीकडे तारा (*) टाकून, म्हणजे सगळ्यालाच परवानगी देऊन, मोकळं व्हायचा मोह होतो, पण मग एका बागेचा बोर्ड दुसऱ्या बागेची मोटर चालवू शकेल.

दोन बोर्ड आळीपाळीने पडत असतील तर दोघांचा क्लायंट आयडी (क्लाउडला सांगायचं बोर्डाचं नाव) एकच असणार. नवा आला की क्लाउड जुन्याला बाहेर काढतो, जुना परत येऊन नव्याला. आयडीत चिप आयडी (प्रत्येक चिपचा स्वतःचा क्रमांक) घाला आणि पॉलिसीतही तोच नवा आयडी लिहा.

सगळं ठीक दिसतंय, पण मोठा संदेशच पोचत नाही? पबसबक्लायंटचा बफर (संदेश ठेवायची जागा) मुळात 256 बाइट्सचा असतो, ‘सेटबफरसाइझ’ने वाढवा.

निघण्याआधी लॅपटॉप काढून घ्या, राउटर आणि बोर्ड दोन्हींची वीज एकदम तोडा, परत द्या आणि फोनवर पातळी येईपर्यंत तिथेच थांबा.