वॉलआय मासेमारीच्या स्पर्धेत उतरताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ओहायो या पट्ट्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना उन्हाळ्यात तळ्यावर गळ टाकून बसायची गोडी लागते. दोन-चार मोसम गेले की काहींना स्पर्धेचे वेध लागतात. वॉलआय हा तिकडचा मानाचा मासा. मिनेसोटाने १९६५ मध्ये त्याला राज्यमासा ठरवलं. डोळ्यांतल्या परावर्तक थरामुळे तो अंधुक उजेडात आणि गढूळ पाण्यातही आरामात शिकार करतो. स्पर्धेचा हिशेब वरवर सोपा असतो: ठरलेल्या वेळेत पाच किंवा सहा मासे आणायचे, ज्यांचं एकूण वजन जास्त ते जिंकले. मासा गळाला लावणं नवख्यालाही बऱ्यापैकी जमतं. मार बसतो तो पाण्यात उतरण्याआधी केलेल्या चुकांमुळे, नाहीतर मासा बोटीत आल्यानंतरच्या हलगर्जीपणामुळे.

बोट आधी, अनुभव नंतर

सर्वांत महागडी चूक हीच. मोठी बोट, नवं सोनार (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), डझनभर रॉड असा सगळा सरंजाम कर्ज काढून घेतला जातो आणि पहिल्या मोसमातच हौस फिटते. त्याऐवजी प्रो-अॅम स्पर्धेत को-अँगलर, म्हणजे मुरलेल्या स्पर्धकाचा हौशी जोडीदार, म्हणून नाव द्या. नॅशनल वॉलआय टूरसारख्या मालिकांनी हा प्रकार रुजवला आहे. चिठ्ठी टाकून तुमची जोडी एखाद्या मुरलेल्या स्पर्धकाशी लावली जाते, बोट त्याची असते आणि दिवसभर तो कसा विचार करतो हे तुम्हाला शेजारी बसून पाहता येतं. असा एक दिवस महिनाभराच्या व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतो, असं माझं ठाम मत आहे. मित्राबरोबर उतरायचं असेल तर दोघांच्या संघांसाठी १९८४ पासून चालत आलेलं मास्टर्स वॉलआय सर्किट आहे, शिवाय गावोगावच्या क्लबांच्या एकदिवसीय स्पर्धा आहेत. सुरुवात क्लबपासूनच करा.

पैशांचं एक लक्षात असू द्या. अमेरिकेत बक्षिसाची रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते. वर्क व्हिसावर असाल तर रोख बक्षीस आणि प्रायोजकत्व याबद्दल फी भरण्याआधीच वकिलाशी बोलून घ्या.

सरावाच्या दिवशी मासे उपसणं

स्पर्धेच्या आधी सरावासाठी दोन-तीन दिवस मिळतात. नवखा माणूस चांगली जागा सापडली की तिथेच ठिय्या देतो आणि मासे उपसत राहतो. स्पर्धेच्या सकाळी त्याच जागी आमिषाला कोणी तोंड लावत नाही. सरावात एखादा-दुसरा मासा लागला, आकार कळला, की खूण करून पुढे निघायचं. जुने लोक तर गळाचं टोक वाकवून ठेवतात: मासा ओढतो, कळतं आणि सुटून जातो.

दुसरं, नुसत्या जागा शोधू नका. मासा तिथे का आहे ते शोधा. किती खोलीवर लागला, तळ खडकाळ होता की चिखलाचा, वारा कोणत्या किनाऱ्यावर येत होता, पाणी किती गार होतं हे टिपून ठेवा. वसंतात ४२ ते ५० अंश फॅरेनहाइटच्या आसपास वॉलआय वाळू-गोट्यांच्या उथळ भागात अंडी घालतो, तेव्हा नद्यांमधल्या स्पर्धा जिगवर (डोक्याशी वजन असलेल्या गळावर) जिंकल्या जातात. भर उन्हाळ्यात लेक एरीसारख्या विस्तीर्ण पाण्यात तोच मासा छोट्या माशांच्या घोळक्यामागे मैलोन् मैल फिरतो आणि तळापासून बराच वर अधांतरी तरंगतो. अशा वेळी कालची जागा आज निरुपयोगी ठरते. खोली, वेग आणि आमिषाचा रंग मात्र बरेचदा आजही चालतो.

वाऱ्याचा विचार न करणं ही यातलीच पोटचूक. एरीच्या पश्चिम भागाची सरासरी खोली जेमतेम २४ फूट आहे. वारा सुटला की तिथे एकमेकींना लागून, उभ्या लाटा उठतात आणि सरावातली सगळ्यांत लांबची जागा गाठणंच अशक्य होतं. प्रत्येक दिशेच्या वाऱ्यासाठी एक आडोशाची जागा हाताशी हवी.

ट्रोलिंग करताना वेगाकडे दुर्लक्ष

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेणं. प्लॅनर बोर्ड (दोर बोटीपासून बाजूला खेचणाऱ्या तरंगत्या फळ्या) लावून बोटीच्या दोन्ही बाजूंना दोर पसरायचे आणि सरळ रेषेत बोट हाकत राहायची, असं अनेकजण तासन् तास करतात. मासा लागत नसेल तर आधी मोठं, नागमोडी वळण घ्या. वळताना बाहेरच्या बाजूचे दोर जोरात ओढले जातात, आतले मंदावतात. बाहेरच्या बोर्डाने मान टाकली, म्हणजे तो झटक्याने मागे गेला, तर माशाला वेग हवा आहे. आतल्या रॉडवर चावा आला तर वेग कमी करा. गांडूळ लावलेल्या स्पिनरला (फिरत्या पात्याच्या आमिषाला) ताशी एक-दीड मैल पुरतं. क्रँकबेटला (माशाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या आमिषाला) दोनच्या आगेमागे वेग लागतो. मोठ्या सरोवरांत पृष्ठभागाखाली वेगळाच प्रवाह असू शकतो. त्यामुळे जीपीएस दोन मैल दाखवत असला तरी आमिष एका दिशेला जाताना धावतं आणि परत येताना रेंगाळतं. एकाच दिशेला मासे लागत असतील तर कारण हेच. मग दोर गुंडाळून पुन्हा सुरुवातीच्या जागी जा आणि त्याच दिशेने फेरी मारा.

काल लागले, आज का नाही?

आधी आभाळ बघा. थंड हवेचा झोत येऊन गेला, ऊन लख्ख पडलं आणि पाणी आरशासारखं झालं की वॉलआय तळाला चिकटतो आणि सुस्तावतो. आमिष लहान करा, वेग उतरवा, जिवंत मिनो (आमिषाचे छोटे मासे) किंवा जळू लावा, तळाला धरून राहा. उलट वारा वाढला असेल तर ज्या किनाऱ्यावर लाटा आपटत आहेत तिकडे जा. गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथे भिडतं त्या रेषेवर उथळ पाण्यातही भरदुपारी मासा मिळतो. सोनारवर मासे दिसतात पण चावत नाहीत, म्हणून तासभर त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालणं हा निव्वळ वेळेचा नाश आहे. मी तरी असा घोळका पंधरा-वीस मिनिटांत सोडतो.

मेलेला मासा

बहुतेक स्पर्धांत मेलेल्या माशाचं वजन कापतात, काहींत तो मोजतच नाहीत. मेहनतीने धरलेला मासा लाइव्हवेलमध्ये, म्हणजे मासे जिवंत ठेवायच्या बोटीवरच्या टाकीत, मरणं हे मला हरण्यापेक्षा वाईट वाटतं.

वॉलआयच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला घशाकडे उघडणारी वाट नसते. तीस फुटांपेक्षा खोलातून त्याला भराभर वर आणलं की पिशवी फुगते आणि तो लाइव्हवेलमध्ये पोट वर करून तरंगू लागतो. खोल पाण्यात मासेमारी करणारच असाल तर पोटाकडच्या परांना लावायचे चिमटे-वजन जवळ ठेवा. त्याने मासा सरळ राहतो. वजनाला नेण्याआधी ते आठवणीने काढा. सुईने हवा सोडण्याचा प्रकार मात्र त्या राज्याचे आणि स्पर्धेचे नियम पाहिल्याशिवाय करू नका.

लाइव्हवेल धक्क्याजवळच्या कोमट, तेलकट पाण्याने भरू नका, मोकळ्या पाण्यात गेल्यावर भरा. उन्हाळ्यात बाटल्यांत बर्फ गोठवून त्या बंदच टाकीत सोडा. नळाच्या पाण्याचा बर्फ सुटा टाकला तर त्यातलं क्लोरीन माशाला बाधतं. पंप सतत चालू हवा. आणि मासा ओल्या हातानेच धरा.

नियमपुस्तिका न वाचणं

उशीर झाला तर अनेक स्पर्धांत मिनिटामागे पौंडभर वजन कापतात. टाकीतला लहान मासा सोडून मोठा ठेवण्याची मुभा प्रत्येक राज्यात, प्रत्येक तळ्यावर वेगळी. फॉरवर्ड-फेसिंग, म्हणजे बोटीच्या पुढचं दाखवणाऱ्या, सोनारचे नियमही स्पर्धेगणिक बदलतात. परवाना ज्या राज्यात मासेमारी करणार तिथला लागतो. मिनेसोटात बाहेरून जिवंत मिनो आणता येत नाहीत आणि बोट रस्त्यावर नेताना तळाचं बूच काढलेलं असावं लागतं. छोट्या बोटींवर इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून संघराज्याच्या कायद्याने सक्तीचं आहे.

फसवणुकीबद्दल आयोजक इतके कडक का, हे २०२२ च्या क्लीव्हलँड प्रकरणावरून समजतं. ३० सप्टेंबरला लेक एरी वॉलआय ट्रेलच्या अंतिम स्पर्धेत एका जोडीच्या पाच माशांचं वजन लांबीच्या मानाने फारच जास्त भरलं. संचालकाने मासे तिथेच चिरले तेव्हा आत शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे तुकडे निघाले. दोघांनी गुन्हा कबूल केला. २०२३ मध्ये त्यांना दहा दिवसांची कैद झाली आणि बोटही जप्त झाली. तेव्हा कुणी तुमचा मासा तपासायला मागितला किंवा स्पर्धेनंतर पॉलिग्राफ (खोटं पकडण्याच्या) चाचणीला बोलावलं तर राग मानू नका. अर्जावर सही करताना तुम्ही त्याला बहुधा संमती दिलेलीच असते.

काही खटकत असेल तर आदल्या संध्याकाळच्या बैठकीत सर्वांसमोर विचारा आणि उत्तर लिहून घ्या. पाण्यावर असताना प्रश्न पडला तर शेजारच्या बोटीला न विचारता थेट संचालकाला फोन लावा. त्यांचा नंबर नियमपुस्तिकेत असतो, तो सकाळी निघण्याआधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.