ठाण्यात न्यूड चित्रांचं प्रदर्शन भरवताना: निवड, मांडणी आणि कागदपत्रं

उघडं अंग दिसलं म्हणून वाद होतो, हा समज आधी सोडा. इतिहासातली गाजलेली प्रकरणं काढून बघितली तर भडका उघडेपणाला चिकटलेल्या दुसऱ्याच एखाद्या गोष्टीने उडालेला दिसतो. 1863 च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारमान्य प्रदर्शनात, चित्रकार काबानेलची लाटांवर पहुडलेली विवस्त्र व्हीनस लोकांनी डोक्यावर घेतली, तिसऱ्या नेपोलियनने ती विकतही घेतली. दोनच वर्षांनी त्याच सलोंमध्ये चित्रकार एदुआर माने यांच्या ‘ऑलिंपिया’वर लोक इतके खवळले की चित्राला इजा होऊ नये म्हणून ते उंचावर, हात पोचणार नाही असं टांगावं लागलं. व्हीनस देवी होती. ऑलिंपिया ही पॅरिसमधली, पैसे घेणारी बाई होती आणि सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होती. आपल्याकडे 1954 साली जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींची ‘लव्हर्स’ ही चित्रं पोलिसांना खटकली. अडचण पुरुषाच्या हाताची होती, तो बाईच्या स्तनावर होता. पदमसींनी चित्रं उतरवायला नकार दिला, अटक झाली, खटला चालला आणि ते सुटले. सरकारचं अपीलही उच्च न्यायालयात टिकलं नाही.

म्हणून निवड करताना प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारा. ही व्यक्ती ओळखू येते का, देवता किंवा प्रतीक वाटते का? हात काय करतायत, नजर कुठे आहे? आणि चित्राचं नाव काय? पाठमोरी बसलेली कोळशातली आकृती कोणाला सहसा खटकत नाही. तिलाच पौराणिक नाव दिलंत तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 कडे, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याकडे सरकतं. एम. एफ. हुसेनांच्या, भारताच्या नकाशाच्या आकारात विवस्त्र बाई दाखवणाऱ्या गाजलेल्या चित्राला ‘भारतमाता’ हे नाव त्यांनी दिलंच नव्हतं, 2006 च्या लिलावात ते त्या नावाने मांडलं गेलं. त्यावरचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2008 मध्ये रद्द केले, पण तोवर हुसेन देशाबाहेर गेले होते. तेव्हा लेबल चित्रकाराकडून लेखी घ्या आणि जसंच्या तसं छापा. आयोजकांपैकी कोणी हौसेने काव्यात्म शीर्षक सुचवत असेल तर त्याला चहा पाजून गप्प बसवा.

जिवंत मॉडेलवरून केलेलं काम असेल तर मॉडेलचं संमतिपत्र आणि वयाचा पुरावा चित्रकाराकडे हवा. अठराच्या आतल्या कोणाचंही नग्न चित्र किंवा फोटो घेऊ नका. त्यावर चर्चाच नको.

आता जागा. ठाण्यात कापूरबावडीचं कला भवन किंवा एखादं खासगी दालन मिळालं तर उत्तम, कारण तिथे माणूस चित्रं बघायलाच येतो. नाट्यगृहाचं फॉयर टाळा. बालनाट्याला आलेली दोनशे पोरं मध्यंतरात वडापाव घेऊन तुमच्या चित्रांसमोर उभी राहतील. वाशीतल्या मोठ्या प्रदर्शन केंद्रातही शेजारी काय भरलंय ते आधी विचारा. बुकिंगच्या अर्जात ‘चित्रप्रदर्शन’ एवढंच लिहू नका, ‘मानवी देहाचे नग्न अभ्यास समाविष्ट’ असं स्पष्ट लिहून पोच घ्या. न लिहिल्यास मांडणीच्या दिवशी व्यवस्थापकाला धक्का बसतो आणि परवानगी ऐन वेळी अडकते.

मांडणीचा नियम एकच: आत येईपर्यंत काही दिसता कामा नये. दारासमोर चार बाय आठ फुटांच्या प्लायची दोन पार्टिशनं काटकोनात उभी करा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 58 इंचांवर ठेवा. मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन एकदा उभ्याने आणि एकदा साडेतीन फुटांवर डोळे आणून, म्हणजे लहान मुलाच्या उंचीवरून, आत बघा. इथे हमखास एक गोष्ट हुकते: काच. समोरच्या भिंतीवर काचेची फ्रेम असेल तर पार्टिशनमागचं चित्र तिच्यात उमटून थेट दारात दिसतं. संध्याकाळी दिवे लावल्यावर हे पुन्हा तपासा, दिवसा कळत नाही. अशी फ्रेम हलवा किंवा नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच घाला.

फलक दाराबाहेर लावा: ‘या दालनात मानवी देहाचे नग्न अभ्यास आहेत. मुलं सोबत असतील तर आधी स्वतः पाहून ठरवावं.’ ‘फक्त प्रौढांसाठी’ असं लिहू नका. त्याने नको ती गर्दी येते आणि आपणच आपल्या चित्रांना अश्लील ठरवल्यासारखं होतं. चित्रावर कागद किंवा काळी टेप चिकटवणं तर त्याहून वाईट, फोटो फिरतो तो टेपचाच. मायकेलअँजेलोच्या ‘लास्ट जजमेंट’ या भित्तिचित्रातल्या नग्न आकृत्यांवर दानिएले दा व्होल्तेराने 1565 मध्ये वस्त्रं रंगवली आणि बिचाऱ्याला ‘चड्डीवाला’ हे नाव कायमचं चिकटलं.

व्हॉट्सॲपच्या निमंत्रणावर नग्न चित्र टाकू नका. चित्र अश्लील ठरलंच तर भिंतीवरच्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 294 लागतं, फोनवरच्याला शिवाय आयटी कायद्याचं 67, ज्यात पहिल्या गुन्ह्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

टेबलाच्या खणात एक फाइल ठेवा: परवानगीपत्र, चित्रांची यादी (माप, माध्यम, वर्ष), संमतिपत्रं आणि कायद्याची चार पानं. कलम 294 मध्येच कलेच्या हितासाठीचा अपवाद आहे, तो अधोरेखित करा. सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा अवीक सरकार निकाल जोडा, त्याने अश्लीलतेची जुनी ब्रिटिश कसोटी सोडून आजच्या समाजाचे मापदंड लावायला सांगितलं. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2024 चा निकाल हवाच: चित्रकार एफ. एन. सूझा आणि पदमसी यांची कस्टम्सने अडवलेली सात चित्रं न्यायालयाने सोडायला लावली, कारण नग्न म्हणजे अश्लील नव्हे. इथल्या हद्दीतला निकाल असल्याने समोरचा अधिकारी तो वाचतो. उद्घाटनाआधी आठवडाभर स्थानिक पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र देऊन पोच घ्या. ठाणे आणि नवी मुंबईची आयुक्तालयं वेगळी आहेत, ऐरोलीच्या प्रदर्शनाचं पत्र ठाण्यात देऊन उपयोग नाही.

तरीही दहा-बारा जण घोषणा देत आलेच तर एकानेच बोलायचं, तेही दाराबाहेर. कला समजावत बसू नका. निवेदन घ्या, पोच द्या, 112 ला फोन करा. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिरावरच्या सुरसुंदरींचा, म्हणजे कोरलेल्या अप्सरांचा, दाखला परिसंवादात शोभतो, घोळक्यासमोर तो चिथावणी ठरतो. पोलिसांनी चित्र उतरवा म्हटलं तर लेखी आदेश मागा. जप्ती झालीच तर पंचनाम्यात प्रत्येक चित्राचं माप, फ्रेम, काच आणि आधीचे ओरखडे लिहून घ्या, उतरवण्यापूर्वी पुढून-मागून फोटो काढा आणि प्रत घेतल्याशिवाय चित्र दाराबाहेर जाऊ देऊ नका.